चाळीसच्या टाकीत बेचाळीस

मंगळवार, ४ मार्च

आजची टाकी मला खरी कितीला पडली, ते मांडून ठेवतो. पेट्रोलचे पैसे सोडा, ते सगळ्यांनाच पडतात. त्यावर एक राखी पँट, जी आता फक्त दुकानात घालायच्या लायकीची उरली. डाव्या पायातला मोजा. पंचवीस मिनिटं. मागच्या स्कूटरवाल्याशी एक भांडण, गाडीत बायकोशी दुसरं, आणि घरी तिसरं होऊ नये म्हणून फाटकापाशी उभं राहून काढलेला अर्धा तास. एवढं होऊनही काटा पुरता वर गेला नाही तो नाहीच.

झालं असं. पंपावर नोझल टाकीत घातलं, पाच लिटर झाले नाहीत तोवर टक. आपोआप बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा टक. चौथ्यांदा टाकीने गुळणी भरली आणि माझ्या मांडीवर थुंकली.

"काका, टक झालं की थांबायचं असतं," पंपावरची लाल टोपीवाली म्हणाली.

"बाई, पहिला ढेकर आला म्हणून कोणी ताटावरून उठतं का? दाब अजून."

हिला काय माहीत मी टाकी कशी भरतो ते. मी कानाने भरतो. चौतीस वर्षं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतोय. एका स्क्रूड्रायव्हरवर धंदा उभा केला. त्याचं टोक मोटारीला लावायचं, मूठ कानाला, आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते उघडायच्या आधी सांगायचं. आज नऊ माणसं हाताखाली आहेत, पण तो कान एकाला नाही. टाकीचंही तसंच. तोंडापाशी वाकायचं. आधी रिकाम्या पिंपासारखा गडगडाट, मग बुडबुड, मग बाटली भरताना येते तशी बारीक शीळ, आणि मग गप्प. गप्प झाल्याशिवाय थांबायचं नाही. गाडी एकोणीस वर्षांची आहे. कंपनीने टाकी दिली चाळीस लिटरची, मी तिच्यात बेचाळीस बसवतो. एकदा रस्त्यात कोरडी पडली होती, ढकलत पंपावर नेली तेव्हा आकडा डोळ्यांनी पाहिलाय. ही गोष्ट मी तीन लग्नांत सांगितली आहे आणि तिन्हीकडे लोक थक्क झाले.

तर माणूस तोच, गाडी तीच, कानही तेच. मग बदललं काय? पंपावरचा साहेब. नऊ महिन्यांपूर्वी आमचे जावई तिथे सुपरवायझर म्हणून लागले. मालक महिनाअखेर ठरवणार, कायमचा मॅनेजर करायचा की नाही. मुलगी दिवस मोजतेय. घरचं गिऱ्हाईक म्हणून मी तिथेच भरतो, आणि तेव्हापासून ही थुंकाथुंकी. मी कोणावर आरोप करत नाही. फक्त नोंद करतो.

आणखी एक नोंद. सांडल्यावर जावई स्वतः बाहेर आले, लाल बादलीतली वाळू टाकली, आणि खिशातून पेन काढून एका वहीत काहीतरी लिहिलं. सांडलं माझ्या पँटवर, लिहून हा ठेवतो!

"काय लिहिलंत?"

"काही नाही बाबा. नेहमीचंच."

हा माणूस फार हळू बोलतो. हळू बोलणाऱ्याचं मला पहिल्यापासून कोडं आहे. आवाज कमी करायचं कारण काय?

शुक्रवार, ७ मार्च

गाडीत पेट्रोलचा वास. बायको मागे बसली, दोन्ही काचा खाली, नाकाला पदर. "अहो, मला बाजारात न्यायचंय की बेशुद्ध करायचंय?" म्हणाली.

आणखी एक चाळा सुरू झालाय. टाकी भरली की गाडी लवकर चालू होत नाही. किल्ली फिरवत बसायचं, ती घरघर करते, खोकते, मग एकदम काळा धूर टाकून उठते. तासाभराने पुन्हा शहाणी. भरल्यावरच होतं, एरवी नाही. म्हणजे त्या पेट्रोलमध्येच काहीतरी आहे.

टाकीचं झाकण काढून पाहिलं. आतलं रबर चिरलेलं. मला वाटतं पंपावर कोणीतरी बदललं. माझं झाकण इतकं जुनं नव्हतं. बायको म्हणते गाडीइतकंच जुनं होतं. तिला झाकणातलं काय कळतं! नवं घालून आणलं. मेकॅनिककडेही जाऊन आलो. आमचा मेकॅनिक कामापुरतं बोलतो, म्हणून गावभर त्याला मौनी म्हणतात. बावीस वर्षांची दोस्ती. वाकून खाली पाहिलं, हुंगलं आणि म्हणाला, "भरताना टकला थांबतोस का?"

"मौन्या, तू इंजिन बघ. भरायचं मला शिकवू नको."

त्याने खांदे उडवले. पण हा प्रश्न त्याला सुचला कसा? तोच शब्द पंपावरचीने वापरला होता. ही दोघं कधी भेटतात?

मंगळवार, ११ मार्च

नवं झाकण, जुना वास.

आज मुद्दाम स्टेशनाकडच्या दुसऱ्या पंपावर गेलो. म्हटलं, दूध का दूध होऊ दे. सात लिटरला टक. नऊला टक. मग गुळणी. या वेळी सावध होतो, बूट वाचला. नोझल धरणारा पोऱ्या नव्हता, चांगला पन्नाशीचा मिशीवाला होता. तो म्हणाला, "साहेब, गाडीत दोष आहे." पटायला आलं होतं. गाडीत बसता बसता वर फलकाकडे लक्ष गेलं. मालकाचं नाव तेच! दोन्ही पंप एकाच्याच मालकीचे. म्हणजे झालंच की. एका घरातली दोन घड्याळं, वेळ एकच दाखवणार.

तरी नोंद प्रामाणिक असावी म्हणून लिहितो: मिशीवाल्याकडे पाहून तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही.

रविवार, १६ मार्च

आज लिहिताना हात जड झालाय.

मुलगी आणि जावई जेवायला आले होते. जेवण हसतखेळत झालं. मी बेचाळीस लिटरची गोष्ट सांगितली. जावई खाली मान घालून पाणी प्यायले. नंतर दोघं ओट्यापाशी भांडी घासत होती आणि मी बाहेरच्या खोलीत डोळे मिटून पडलो होतो. नळ सोडून बोलणाऱ्याला वाटतं, आपलं बोलणं पाण्याबरोबर वाहून गेलं. पाच घोड्यांच्या मोटारीच्या गोंगाटातून मी एका बेअरिंगची कुरकुर वेगळी काढतो, तिथे नळ काय चीज आहे!

मुलगी म्हणाली, "बाबांना स्पष्ट सांगून का टाकत नाहीस?"

"एकदा सांगून पाहिलं ना. पुन्हा नको. ते दुखावतील."

"चार वेळा झालंय तुझ्या नावावर. पाचवी नोंद झाली की?"

"मालक म्हणालेत, पाचवी झाली की कायम व्हायचं विसर. पण तोवर येणार नाही. मौनीशी बोलून ठेवलंय, तो गुपचूप करून देईल. बाबांना कळणारही नाही."

अक्षर न अक्षर असंच. कानाने ऐकलेलं मी कधी वाढवून लिहीत नाही.

म्हणजे काय? चार वेळा पकडला गेलाय. काय करताना, ते सांगायला नको. आणि मौनी सामील. बावीस वर्षं ज्याच्या टपरीत मी खोक्यावर बसून चहा प्यायलो, तो मौनी! मीटरमध्ये हात घालायला मेकॅनिकच लागणार. टाकी भरायच्या आधीच टक, वर वास, वर धूर. भेसळ असेल, मापात काटछाट असेल, नाहीतर दोन्ही.

जाताना जावई वाकून म्हणाले, "बाबा, येत्या आठवड्यात एक दिवस गाडी मला द्याल का? सर्व्हिसिंग करून आणतो."

"माझी गाडी मी बघतो," म्हटलं. मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिच्या शाळेतला निकालाचा दिवस आठवला.

सोमवार, १७ मार्च

वजनमापं तपासणाऱ्या कार्यालयाला तक्रार लिहिली. तीन वेळा फाडली. चौथ्यांदा पाकिटात घातली.

मनात येतं, मुलीचा संसार आहे. मग वाटतं, संसार चोरीवर उभा असेल तर आज ना उद्या पडेलच, आणि तेव्हा ती म्हणेल, बाबा, तुमचे कान कुठे गेले होते? माझ्या वर्कशॉपात एकदा एकाने जुनी तार नवी म्हणून गुंडाळली. त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवलं, आणि तो माझा सख्खा मावसभाऊ होता. आजही आम्ही बोलत नाही. बरोबर केलं का? त्या वेळी तरी वाटलं होतं.

बिननावाची तक्रार टोपलीत जाते, म्हणून खाली पूर्ण नाव आणि सही केली. जावयाचं नाव कुठेच लिहिलं नाही. फक्त पंपाचं.

बायकोला सांगितलं नाही. तिने विचारलं, "पोस्टात काय काम होतं?" म्हटलं, विजेचं बिल. बिल मी गेल्याच आठवड्यात तिच्यासमोर भरलं होतं.

गुरुवार, २० मार्च

इतक्या लवकर येतील असं वाटलं नव्हतं.

निरीक्षक म्हणजे सडपातळ, चष्मा कपाळावर, हातात पाच लिटरचं माप. मी समोरच्या पंक्चरवाल्याकडे उभा राहून पाहत होतो. त्याने मापात पाच लिटर घेतले, डोळा रेषेशी आणून पाहिलं, ओतलं, पुन्हा घेतले. चारही नोझल्स. मग बाटलीत थोडं पेट्रोल घेतलं, कागदावर थेंब टाकून वाळू दिला, पाहिला.

"माप बिनचूक आहे. पेट्रोलही स्वच्छ. तक्रारदार कोण?"

पुढे व्हावंच लागलं. जावयांनी मला पाहिलं. मला वाटलं आता चेहरा पडेल, नाहीतर चढेल. काहीच नाही. आत जाऊन खुर्ची आणली. "बसा बाबा. उन्हात उभे राहू नका."

असं वागणारा माणूस एकतर फार पोचलेला असतो, नाहीतर... दुसरं काय ते मला आत्ता लिहिता येत नाही.

निरीक्षक म्हणाला, "गाडी आणा. माझ्यासमोर भरा." आणली. लाल टोपीवालीने नोझल घातलं. आठ लिटरला टक. तिने हात काढला आणि जावयांकडे पाहिलं.

"दाब," मी म्हटलं.

"काका, साहेबांनी नाही म्हटलंय."

"तुझ्या साहेबाचा मी सासरा आहे. दे इकडे." नोझल मीच घेतलं, कान लावला, दाबलं. टक. दाबलं. टक. दाबलं, आणि टाकीने भडाभडा ओकलं. गाडीवर, जमिनीवर, निरीक्षकाच्या चपलेवर.

"तुमच्या टाकीत मावतं किती?" त्याने शांतपणे विचारलं.

"बेचाळीस!"

"पुस्तकात?"

"चाळीस."

त्याने चष्मा खाली केला, माझ्याकडे नीट पाहिलं, पण लिहिलं काहीच नाही. चहा पिऊन निघून गेला. पंपावरचाच चहा! ही पण एक नोंद.

जावयांनी वाळू टाकली. मग वही काढून लिहिलं. लाल टोपीवाली माझ्यापाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पाचवी. आता बसा मिरवत."

शुक्रवार, २१ मार्च

मुलगी सकाळीच आली. चप्पलही काढली नाही.

"ती वही कसली आहे माहितीये? पंपावर पेट्रोल सांडलं की कोणामुळे सांडलं ते लिहायचं. टक झाल्यावर भरायचं नाही हा नियम आहे. कोणाची तरी काडी पेटली तर काय होईल? पहिल्यांदा त्या बाईचं नाव येणार होतं, तिची नोकरी गेली असती. म्हणून ह्याने स्वतःचं लिहिलं. 'सुपरवायझरच्या चुकीने.' पाचही वेळा तुमची गाडी, बाबा. पाचही!"

मी म्हटलं, "मग मला सांगायचं."

"जानेवारीत सांगितलं नव्हतं? गाडीखालच्या कोळशाच्या डब्याचं? तुम्ही काय म्हणालात? 'काल पंपावर आलात आणि आज मला टाकी शिकवता.' चार माणसांत. तुम्हाला सगळं ऐकू येतं, बाबा. पण ऐकता कोणाचं?"

बायको दारात उभी होती. "विजेचं बिल," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मुलगी नवऱ्याची बाजू घेणारच, असं मी दुपारपर्यंत स्वतःला सांगत राहिलो. डब्याचं त्यांनी सांगितलेलं आठवेना. मी बोललो ते मात्र आठवलं, कारण लोक हसले होते.

दुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरलो. बायकोला म्हटलं, मागून जरा हलव.

"कशाला?"

"ऐकायचंय."

"अहो, शेजारी बघतायत."

"बघू देत."

ती हलवत राहिली. टोक टाकीला लावलं, मूठ कानाला. डुब्ब, डुब्ब. भरल्या पोटाचा आवाज, ठीक. मग टोक मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला असलेल्या एका काळ्या डब्याला लावलं. एकोणीस वर्षांत त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यात हवेशिवाय काही नसावं, अशी त्याची ठेवण. आणि आतून स्पष्ट ऐकू आलं: चुळुक. चुळुक.

माझा कान खोटं बोलत नाही. बायको म्हणाली, "अजून हलवू का?" म्हटलं, नको. कळलं.

शनिवार, २२ मार्च

मौनीकडे गेलो. खोक्यावर बसायचा धीर झाला नाही, उभाच राहिलो. त्यानेच पायाने खोकं पुढे सरकवलं.

डबा काढला. एकीकडच्या नळीला हवेचा पंप लावून दांडा दाबला, दांडा तिथेच अडला. हवा पलीकडे जाईना. मग डबा तिरका केला. काळं, दाट पेट्रोल तपेलीत पडत राहिलं, खाली कोळशाचा चिखल.

"टाकीला श्वास लागतो," मौनी म्हणाला. "पेट्रोल आत जातं तेव्हा आतली हवा बाहेर पडली पाहिजे. ती वाफ घेऊन येते. ती वाफ या कोळशाने प्यायची. पेट्रोल नाही, वाफ. टाकीत वरती जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. ती तू भरतोस. वर आलेलं इकडे उतरतं. वर्षानुवर्षं उतरलं, कोळशाचं पीठ झालं, वाट बुजली. हवा जाणार कुठे? नोझलच्या तोंडावर येते, म्हणून टक. रेटलंस की ओकते. वास याचाच. चालू होत नाही तेही याच्यामुळे, इंजिन इथलं पेट्रोल ओढतं आणि गुदमरतं."

बावीस वर्षांत तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता.

खात्रीसाठी त्याने टाकी उपसून पूर्ण कोरडी केली, नळ्या फुंकून काढल्या, भरायच्या तोंडाचा रबरी पाईप तडकलेला होता तोही बदलला. मग फळीवरून कागदात गुंडाळलेला दुसरा डबा काढला. साफ, तुझ्याच मॉडेलचा, म्हणाला. कागदावर माझ्या गाडीचा नंबर. अक्षर ओळखीचं, हळू बोलणाऱ्याचं.

"कधीपासून ठेवलाय?"

"फेब्रुवारी. म्हणाला, सर्व्हिसिंगच्या नावाखाली बसवू. म्हाताऱ्याला कळायला नको."

"म्हातारा म्हणाला?"

"ते मी म्हणतोय."

सोमवार, २४ मार्च

पंपाच्या मालकाला भेटलो. वही मागवून घेतली. पाचही नोंदींखाली लिहिलं: 'टक झाल्यावर भरायला मी लावलं. सुपरवायझरने मना केलं होतं.' पाच वेळा सही.

मालक सगळं वाचून म्हणाला, "पहिल्या चारांचं मी समजू शकतो. पण पाचवी निरीक्षकासमोर झाली. आणि सुपरवायझरने नोझल तुमच्या हातातून काढून घ्यायला हवं होतं."

"सासऱ्याच्या हातातून?"

"सासऱ्याच्या हातातून तर आधी."

मंगळवार, १ एप्रिल

निकाल आला. नोकरी राहिली. कायम करायचं सहा महिन्यांनी पुन्हा बघणार. मुलगी फोनवर नीट बोलली, पण 'बरं, ठेवते' जरा लवकर म्हणाली. सहा महिने म्हणजे ऑक्टोबर. माझ्यामुळे.

त्या शनिवारपासून मौनीकडेच असलेली गाडी संध्याकाळी घेतली. टाकी कोरडी होती, त्याने डब्याने एक घोट घातला, पंपापर्यंत पुरेल इतका. जावई ड्यूटीवर होते. मी उतरलो, बाजूला उभा राहिलो, हात मागे बांधले.

"जावईबुवा, तुम्हीच भरा. तुमच्या पद्धतीने."

"कान नाही लावणार?" लाल टोपीवालीने विचारलं.

"आज सुट्टी दिलीय कानाला."

जावयांनी नोझल घातलं. दहा, वीस, तीस. एकदाही टक नाही. वास नाही. आतून गडगड, मग बुडबुड, लांबूनही ऐकू येत होतं, काय करणार. शीळ सुरू व्हायच्या आधीच टक झालं. एकदाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी नोझल काढून जागेवर ठेवलं, झाकण फिरवलं. जमीन कोरडी. वही खिशातच राहिली.

गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली.

आकडा पाहून घेतला. एकोणचाळीस लिटर, आणि मौनीचा घोट. टाकी चाळीसची आहे.